सोमलिंगमामांचा कान

चौतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. भरीव वस्तूवर ठोका मारला तर आवाज कसा येतो आणि पोकळ वस्तूवर मारला तर कसा, हे तर मी पोरांना बाकं वाजवून दाखवायची. त्यामुळं त्या शनिवारी माझ्याच ओसरीत, शिडीखाली उभी राहून मी जे ऐकलं त्याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. झोपाळा टांगायला आलेल्या सोमलिंगमामांनी हातोडीच्या दांड्यानं छताच्या तुळईवर ठोका दिला आणि आवाज आला 'भद्'. ओल्या पोत्यावर बुक्की मारावी तसा. मामांनी तुळईला कान लावला, डोळे मिटले, पुन्हा एकदा ठोका दिला. पुन्हा तेच, भद्. आणि ते खाली बघून हसत म्हणाले, "खणखणीत हाय, बाई. लई चांगलं बोलायलंय लाकूड."

मला वाटलं, म्हातारा माझी चेष्टा करतोय. मी बघत राहिले. चेष्टा नव्हती. ते शांतपणे कनवटीची पेन्सिल काढून तुळईवर खूण करायला लागले होते.

सोमलिंग पांचाळ कोण, हे तुळजापुरात कुणाला सांगावं लागत नाही. पण बाहेरच्यांसाठी सांगते. सुतार. वय बहात्तर. लहानथोर सगळे त्यांना मामा म्हणतात, मी त्यांच्याहून आठच वर्षांनी लहान असून मीही म्हणते. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, आणि वर हात-दीड हात पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात आत गारवा, पाहुण्याला वाटावं माठात बसलोय. पण त्र्याण्णवच्या भूकंपात लोहाऱ्याकडच्या गावांत हीच माती माणसांच्या अंगावर आली. इथं तुळजापुरात घरं उभी राहिली, तरी माणसं आत झोपेनात. महिनोन्‌महिने अंगणात ताडपत्र्या टाकून कुडकुडत होती. तेव्हा सोमलिंगमामा खांद्यावर शिडी घेऊन घरोघर फिरले. एकेक तुळई ठोकायचे, कान लावायचे. लाकूड वाईट असेल तर तिथल्या तिथं खडूनं फुली मारून टेकू द्यायला लावायचे. चांगलं असेल तर खाली उतरून घरच्या बाईला एवढंच सांगायचे, "झोपा."

आणि माणसं झोपायची. मीही झोपले. पत्रिका बघणाऱ्यांची आयुष्यभर टर उडवणारी मी, त्यांच्या एका शब्दावर गादी आत घेऊन गेले.

पुढं भूकंप मागं पडला, पण मामांचा कान लोकांच्या मनात बसला तो बसलाच. पाळणा टांगायचा, मामांना बोलवा. झोपाळा टांगायचा, मामा. कामही तसंच चोख. तुळईला खालून हूक पिळून झोपाळा टांगणारे सुतार त्यांना बघवायचे नाहीत. "झोपाळा खाली वडत न्हाय नुसता, म्होरंमागंबी वडतोय," ते म्हणायचे, "हुकाला रोज हासडा बसतोय. हलणाऱ्या दातावानी ढिला हुतो." ते तुळईवरून लोखंडी पट्टी घालायचे, दोन कड्यांच्या मधून, आणि खाली नटबोल्टनं आवळायचे. म्हणजे भार हुकाच्या आट्यांवर नाही, सबंध तुळईवर. मग झोपाळ्यावर ज्वारीची दोन पोती ठेवायची, आणि घरच्यांनी येता-जाता दिवसभर त्यांना झोका द्यायचा. संध्याकाळी नट पुन्हा आवळायचे. मग मामा स्वतः बसणार, आणि मग घरची माणसं. हा नेम त्यांनी कधी मोडला नाही असं मी समजत होते.

तर, ती पेन्सिल.

"मामा," मी म्हणाले, "आवाज भद् येतोय."

ते माझ्या तोंडाकडं बघत होते. "काय येतंय?"

"भद्! पोकळ! मला इथून ऐकू येतंय!"

माझा वर्गातला आवाज लागला होता. शेजारच्या ओट्यावर बसलेल्या गजराबाईंनी मान वर केली. मामांच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र हळूहळू गेलं. त्यांनी पिशवीतून गिरमिट काढलं, हातानं फिरवायचं जुनं, आणि तुळईत लावलं. चांगल्या सागाला गिरमिट दोन्ही हातांनी रेटावं लागतं, आतून पिवळे कुरकुरीत भुगे निघतात. इथं दोन वेढ्यांत ते मुठीपर्यंत आत गेलं. माझ्या कपाळावर काहीतरी ओलसर पडलं. हात लावून बघितलं. काळपट, चहाच्या चोथ्यासारखं. त्यात दोन पांढरे किडे वळवळत होते. वाळवी.

ही तुळई ओसरीवरून तशीच माझ्या झोपायच्या खोलीत जाते. गेली अकरा वर्षं मी बरोबर तिच्याखाली झोपतेय. वरून हिरवा ऑइलपेंट, चकचकीत, परवाच्या दिवाळीला दिलेला. आतून पीठ. आणि कारण कोण, तर मी. माळवदावर, त्याच कोपऱ्यात, मी मोगऱ्याच्या नऊ कुंड्या ठेवल्यात आणि रोज सकाळी त्यांना पाणी घालते. विज्ञानाच्या बाई! शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, मला तुळईचाच मार बसायचा राहिला होता.

पण खरा धक्का तो नव्हता. मामा शिडीवरून उतरले, खालच्या पायरीवर बसले आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "बाई, माझं कान गेल्यात."

"कधी?"

ते माझ्याकडं बघत नव्हते, त्यामुळं त्यांना कळलंच नाही मी विचारलं ते. मी त्यांच्या समोर जाऊन खाली बसले आणि पुन्हा विचारलं.

"वरीस झालं. आदी उजवा गेला, मग डावा. तोंड बगून कळतंय माणसाचं, म्हणून कुणाला पत्ता लागला न्हाय. सुनंला तेवढं ठाव हाय." त्यांनी उजवा तळवा उघडून दाखवला. "वाटायचं, हाताला कळतंय. ठोक्याचा हादरा हातात येतोय की. तेवढं बास हाय वाटायचं."

मी संतापले. एक वर्ष! एक वर्ष हा माणूस लाकडाला कान लावून डोळे मिटून उभा राहत होता, आणि ऐकत काहीच नव्हता!

"सांगायचं नाही का हो? लोक जीव सोपवून बसतात तुमच्या शब्दावर!"

"म्हणूनच तर सांगितलं न्हाय," ते म्हणाले. "ज्या ज्या घरी म्या झोपा म्हणलोय, ती सगळी माणसं उठून बसली असती, बाई."

तरी मी विचारलं, या वर्षात कुठं कुठं काम केलं. त्यांनी बोटं मोजली. पाच झोपाळे. चार स्लॅबच्या घरात, तिथं कानाचं काम नाही, छतातला लोखंडी गज बघायचा. लाकडाला एकच.

"कुठला?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. गरजही नव्हती. तो झोपाळा टांगायला मीच त्यांना पाठवलं होतं.

तामलवाडीच्या हिंमतरावांची लेक शिवांजली माझी विद्यार्थिनी. तीसएक वर्षांतून एखादी अशी भेटते की तिच्यासाठी धडा वाचून जावं लागतं. तिचं लग्न झालं, दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात सगळं संपलं. दुसऱ्या वेळी ती माझ्याकडं येऊन दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडली होती. आता ही तिसरी खेप. सातवा महिना लागला होता. माहेरी झोपाळ्यावरचं डोहाळजेवण करायचं ठरलं, आणि तिनं फोन करून विचारलं, "बाई, चांगला सुतार सांगा, आमचंबी माळवद जुनं हाय." मी थाटात सांगितलं होतं, सोमलिंगमामांशिवाय कुणाचा हात लावून घेऊ नका. पाचच दिवसांपूर्वी त्यांनी तो टांगला. तो फोटोत बघूनच मलाही ओसरीत झोपाळा हवासा वाटला होता.

डोहाळजेवण आजच होतं. दुपारी चारला. मला आमंत्रण होतं, खणनारळ पिशवीत भरून ठेवला होता. घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"पोती टांगली होती ना?" मी विचारलं. "मामा, दोन पोती दिवसभर टांगली होती ना?"

त्यांनी मान हलवली. शिवांजलीच्या आईनं, कडूबाईंनी, टांगू दिली नव्हती. नव्या झोपाळ्यावर पहिला मान पोटुशीचा, तिच्याआधी पोती बसवायची म्हणजे काय? मामांनी स्वतः बसायचं म्हटलं, तर त्यालाही नको म्हणाल्या. आणि हिंमतराव म्हणाले होते, "तुमी ऐकलंय न्हवं? मग झालं."

मी शिवांजलीला फोन लावला. हिंमतरावांना लावला. पुन्हा शिवांजलीला. रिंग जात राहिली. डोहाळजेवणाच्या घरी स्पीकरवर गाणी चालू असणार, फोन कुठल्या तरी उशीखाली. माझा स्कूटीवरचा वेग अख्ख्या गल्लीत चेष्टेचा विषय आहे, गजराबाई म्हणतात बाईंच्या पुढनं गोगलगाय जाते. त्या दिवशी मी चौसष्टाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, एका पुरुषाला मागं बसवलं आणि सोलापूर रस्त्याला लागले. घाट कसा उतरला ते आठवत नाही. मी गप्प होते. माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं, बोलून उपयोग नव्हता. गिरमिट त्यांनी पिशवीत न ठेवता हातातच धरलं होतं, ते माझ्या पाठीला सारखं लागत होतं. मनात एकच चित्र येत होतं, आणि ते मी इथं लिहिणार नाही.

पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. हिंमतरावांचं घर गावात शिरल्याबरोबर उजव्या हाताला. गाडी स्टँडवर लावायचंही भान नव्हतं, ती तशीच आडवी झाली. ओसरी बायकांनी गच्च भरलेली. मधे झेंडूनं मढवलेला झोपाळा, आणि त्यावर हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घातलेली शिवांजली. दोन्ही बाजूंनी दोन सुवासिनी साखळ्या धरून झोके देत होत्या. झोका चांगला उंच जात होता. ती हसत होती. मला बघून तिनं हात वर केला.

मामा बायकांमधून वाट काढत सरळ गेले, येणारा झोका अंगावर घेतला आणि दोन्ही साखळ्या घट्ट धरल्या. झोपाळा थांबला.

"ताई, उठा," ते म्हणाले. "सावकाश. हात द्या माझ्या हातात."

गाणं थांबलं. शिवांजली गोंधळून उठली. मामांनी तिला झोपाळ्याखालून बाजूला नेलं.

मग कडूबाईंचा तोल सुटला. भरल्या ओटीनं बसलेल्या लेकीला मधेच उठवलं! सुवासिनींच्या देखत! असा अपशकुन कुणी वैऱ्याच्या दारात करत नाही! त्यांचे डोळे भरले होते, आणि मी त्यांना दोष देत नाही. दोन वेळा त्या घरानं काय बघितलं ते मला माहीत होतं. हिंमतराव आतून धावत आले, पाठोपाठ त्यांचा भाऊ रणधीर आणि जेवायला बसलेली पुरुष मंडळी.

मामा सगळ्यांच्या मधे उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "माझं कान गेल्यात. वरीस झालं. ही तुळई म्या ऐकलेली न्हाय. खोटं बोललाव तुमास्नी."

मग हिंमतराव हसले. खरंच हसले. "मामा, ऊन लागलं का तुमाला? पाणी द्या रं त्यांना."

माणूस समोर उभा राहून आपल्या तोंडानं सांगतोय, आणि हे ऐकायलाच तयार नाहीत! मी पुढं झाले, माझ्या तुळईचं सांगितलं, कपाळावर पडलेल्या भुग्याचं सांगितलं. कुणीतरी बायकांत पुटपुटलं, बाईंच्या घरचं लाकूडच वाईट असंल. म्हणजे दोष माझ्या लाकडाचा. मामांचा नाहीच.

मामांनी वाद घातला नाही. शिडी मागितली. तुळईच्या मधोमध, पट्टीच्या शेजारी, गिरमिट लावलं आणि रेटलं. बराच वेळ ते नुसतं कुरकुरत राहिलं. मग खाली भुगा पडला. पिवळा. कोरडा. मामांनी तो चिमटीत धरून हुंगला. मग शिडी भिंतीपाशी नेली, कारण तुळई सडते ती आधी भिंतीत शिरते तिथं, ओल तिथं लागते. तिथंही पिवळा. दुसऱ्या टोकाला नेली. मी पदराचं टोक तोंडात धरलं होतं. तिथंही तसाच पिवळा, कुरकुरीत, सागाचा वास येणारा.

तुळई चांगली होती. टोकापासून टोकापर्यंत चांगली.

मामा शिडीवरच रडायला लागले. आवाज नाही, खांदे तेवढे हलत होते. "चांगली हाय," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "ताई, चांगली हाय." शिवांजली खांबाला टेकून, दोन्ही हात पोटावर ठेवून त्यांच्याकडं बघत होती. माझेही डोळे वाहत होते, आणि मी ते पुसले नाहीत.

हिंमतरावांनी मांडीवर थाप मारली. "बगा! म्या म्हणलो न्हवतो? कान गेलं म्हणतोय आन् तुळई बरोबर पारखलीया! मामा, तुमचा कान न्हाय जायचा!" बायका हसल्या. कडूबाईंनीसुद्धा डोळे पुसले आणि, काय सांगू, मामांच्या पायाला हात लावला. रणधीर गर्दीतून पुढं आला. त्याच्या घरी पुढल्या महिन्यात पाळणा टांगायचा होता. माळवद वडिलांच्या वेळचं. "मामा, सोमवारी येता का? आमची बी तुळई एकडाव ऐका."

मी ओरडले, "अहो, त्यांना ऐकू येत नाही!" माझ्याकडं कुणी लक्षसुद्धा दिलं नाही. चौतीस वर्षं मी या तालुक्यात विज्ञान शिकवलं, या ओसरीतली निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेली. त्या क्षणी मला माझीच शरम वाटली. कारण मीही गादी उचलून आत गेलेच होते की.

रणधीरचे ओठ मामांना दिसत होते. तो काय म्हणाला ते त्यांना कळलं होतं. एकदा 'येतो' म्हटलं असतं, तर त्यांचं नाव आणखी दहा वर्षं राहिलं असतं. त्यांनी गिरमिट खाली ठेवलं. हात झटकले. मग ते ओसरीच्या टोकाला गेले, भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, नाक जवळजवळ भिंतीला टेकलेलं, आणि म्हणाले, "आता समद्यांनी मला हाक मारा."

कुणीतरी हसलं. रणधीर म्हणाला, "मामा!"

मामा हलले नाहीत.

"ओ मामा!" हिंमतराव मोठ्यानं म्हणाले. मग कडूबाई. मग बायका, एकेक, मग सगळ्या मिळून. सोमलिंगमामा! मामा! पुरुष ओरडले. रस्त्यावरची माणसं दारात येऊन उभी राहिली, त्यांनीही हाका मारल्या. मीही मारली, वर्गातल्या आवाजात, जीव खाऊन. अख्खी ओसरी त्या एका माणसाच्या नावानं दणाणत होती, आणि तो पाठमोरा उभा होता, दोन्ही हात खाली सोडून, अंगावरचा सदरासुद्धा न हलवता.

हाका हळूहळू कमी झाल्या. शेवटी रणधीर एकटाच राहिला, आणि त्याचा आवाज मधेच चिरकला. मग तोही थांबला. कुणी कुणाकडं बघेना. हिंमतराव वर, तुळईकडं बघत होते.

बऱ्याच वेळानं मामा आपल्या मनानंच वळले. सगळ्यांच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघितलं. "मारल्या का हाका?" त्यांनी विचारलं.

शिवांजली खांब सोडून चालत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि त्यांना नीट दिसावं म्हणून तोंड पूर्ण उघडून, सावकाश म्हणाली, "समद्यांनी मारल्या, मामा."